साडेपाच किलो निळा

१० फेब्रुवारी १९९७, सोमवार

रंगवाल्या कंपनीने दिलेली ही डायरी दीड महिना कपाटावर पडून होती. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण आज लिहिण्यासारखं काम हातात आलं. मिलमध्ये दोन नवी जेट मशीन बसली आणि भूपेंद्रभाई सेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, "अब जो भी कलर निकलेगा, भिकन मास्तर की सही से निकलेगा." बमरोलीत एकवीस वर्षं कापड रंगवल्यावर हे ऐकायला मिळालं. उशीर झाला म्हणणार नाही, वेळेवरच झालं.

काम तसं सोपं आहे. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, हव्या त्या रंगाच्या कापडाचा तुकडा आणते. त्यात पिवळा किती, लाल किती, निळा किती हे मी बघून सांगतो आणि चिठ्ठी लिहितो. त्याप्रमाणे कलर रूममध्ये योगराज काट्यावर रंग तोलतो आणि जेटमध्ये कापडाबरोबर तो उकळतो. सगळं बघण्यावर आहे. माझ्या उस्तादांनी शिकवलं तसं मी उत्तरेच्या खिडकीशी उभा राहतो, उजवा डोळा मिटतो आणि नुसत्या डाव्याने बघतो. दोन डोळ्यांनी बघितलं तर दोघांचं आपसात जमत नाही, असं ते म्हणायचे. सुरतमध्ये ट्यूबलाइटखाली शेड जुळवणारे खूप आहेत. मी त्यांतला नाही.

योगराज माझ्या बायकोचा, भागीरथीचा मावसभाऊ, पारोळ्याचा. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याला मिलमध्ये लावला. मिलमध्ये मला मास्तर म्हणतो, घरी दाजी. मी खुर्चीवर असलो तर तो आमच्या घरात बसत नाही, उभाच राहतो. अशी माणसं आता कमी झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज योगराजवर ओरडावं लागलं. चिठ्ठीवर निळा चारशे ग्रॅम लिहिला होता, काट्यावर तीनशे वीस होता.

"हे काय?"

"मास्तर, थोडा कमीच बरा वाटतो."

"तुला वाटतो? कलर मास्तर तू की मी? चिठ्ठीवर आहे तेवढंच तोलायचं. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही."

जेटवरचे लोटूआप्पा माझ्याहून वयाने मोठे, त्यामुळे त्यांच्या तोंडाला लगाम नाही. म्हणाले, "मास्तर, सासुरवाडीचा राग घरी काढा ना. इथं पाणी उकळतंय."

सगळे हसले. योगराज हसला नाही. "बरं मास्तर," म्हणाला आणि माझ्या डोळ्यांदेखत वरचे ऐंशी ग्रॅम टाकले. माणसाला एकदा स्पष्ट सांगितलं की काम सुधारतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उधना रस्त्यावर डावीकडून आलेल्या रिक्षाने धक्का दिला. कोपर सोललं. या महिन्यातला दुसरा धक्का. सुरतचे रिक्षावाले हल्ली आंधळ्यासारखे चालवतात.

भागीरथी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणून मागे लागली आहे. सुईत दोरा जात नसेल तिच्या. सवड झाली की नेईन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फिरोजी साड्यांचा पहिला लॉट परत आला. लग्नसराईची मोठी ऑर्डर आहे, बारा लॉटची. पार्टी स्वतः मिलमध्ये आली आणि गठ्ठा माझ्या टेबलावर टाकून म्हणाली, "फिरोजी मागी हती मास्तर, आ तो वादळी छे!"

फिरोजीत हिरवा दिसला पाहिजे, हा नुसता वादळी, म्हणजे आभाळी निळा आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तुकडा आणि साडी घेऊन खिडकीशी गेलो. मला काडीचा फरक दिसला नाही. मी त्यांना शांतपणे समजावलं, की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेड बघायची नसते.

"ट्यूब नथी," ते म्हणाले. "में बहार रस्ता पर ऊभा रहीने जोयुं."

रस्त्यावर धूळ असते, हे मी बोललो नाही. गिऱ्हाईक आहे. लॉट काळा करून दुसरीकडे द्यायचं ठरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा लॉटही परत. तक्रार तीच, निळा जास्त.

मी दिवसभर विचार केला. चिठ्ठी बरोबर, कापड तेच, पाणी तेच. बदललं काय? गेल्या बुधवारी मी योगराजला बोललो, त्यानंतरच लॉट बिघडायला लागले. चारचौघांत अपमान झाला म्हणून तो मुद्दाम जास्त तोलत असेल. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं कारण सापडत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भूपेंद्रभाईंना माझा संशय सांगितला. त्यांनी लगेच स्टोअरमधला माल तपासायला लावला. दिवाळीपासूनच्या चिठ्ठ्या जुळवल्या तर निळ्याच्या ड्रममध्ये साडेपाच किलो रंग जास्त निघाला. जास्त! म्हणजे योगराज कित्येक महिने कमी तोलत होता आणि बाजूला ठेवत होता. कशासाठी, ते सांगायला नको. सगळ्या रंगांत निळा महाग, बाहेर लगेच विकला जातो.

सेठनी विचारलं तेव्हा योगराज माझ्याकडे बघत राहिला. मीही बघितलं. तो काही बोलला नाही. सेठ म्हणाले, "घर जा. एक तारीख को फैसला होगा." एक तारखेला त्याला काढलं तर पांडेसऱ्यातली कोणतीही मिल त्याला काट्याजवळ उभं करणार नाही. चोरीचा बोल लागलेला तोलणारा कुणाला हवा असतो?

घरी सांगितलं तर भागीरथीने पोळी तव्यावरच जाळली. घरात ती अहिराणीच बोलते. म्हणाली, "तो मना भाऊ शे म्हनीसन नही सांगत. पन तुम्ही तेले एकदाव तरी इचारं का?"

"विचारायचं काय त्यात? ड्रमच बोलतोय."

"ड्रम बोलस, आन् मानूस गप. भारी शे तुम्हनी मिल."

माहेरच्या माणसाचं प्रेम. मी समजू शकतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा लॉट मी स्वतः तोलला. माझी चिठ्ठी, माझा काटा, माझी खिडकी. तोही परत आला.

रंगाचा नवा ड्रम उघडला होता, त्यातच खोट असणार. कंपनीला पत्र लिहिलं आहे. तीन लॉटमध्ये घाबरून जाईन असा मी मास्तर नाही. पण खरं लिहायचं तर आज अर्ध्या ताटावरून उठलो.

पार्टीचा जरीकाठ लावायचा कारखाना कामरेजच्या पुढे, तापीपलीकडे आहे. माल ते तिथेच बघतात. सेठ म्हणतात, परवा स्वतः जा, दुसरा आणि तिसरा लॉट समोर ठेवून पार्टीशी बोला. दुपारी एकपर्यंत समाधान झालं नाही तर बाकीचे नऊ लॉट दुसऱ्या मिलला जातील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सविस्तर लिहितो.

सकाळी साडेनऊला टेम्पो निघाला. वराछ्यात अर्धा तास अडकलो. ड्रायव्हर बळीराम हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. कामरेज ओलांडून तापीच्या पुलाशी आलो आणि टेम्पोने धूर सोडला.

"पट्टा तुटला," बळीराम म्हणाला. "कामरेजहून आणतो. तासभर तरी लागेल. तुम्ही सावलीत बसा, मास्तर."

अकरा वाजले होते. मी पाच मिनिटं हायवेवर हात करत उभा राहिलो. दोन गठ्ठे घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी कोण थांबणार? शेवटी फिरोजीचा तुकडा आणि लॉटमधली एक साडी काखेत मारली आणि पुलाच्या बाजूने खाली उतरलो. नुसता उभा राहिलो असतो तर वेड लागलं असतं.

खाली नदी फार रुंद होती. वाहते की नाही तेही कळत नव्हतं. काठाला जलपर्णी इतकी दाट, की बगळे पानांवरून चालत होते आणि बुडत नव्हते. एक म्हैस मानेपर्यंत पाण्यात उभी होती, तिच्या डोक्यावर एक पाखरू. पुलावरच्या ट्रकचा आवाज वरून जात होता, खाली येत नव्हता. बमरोलीत रात्रंदिवस माग चालतात, त्यांचा खटखटाट झोपेतही कानात असतो. तो तिथे बसल्या बसल्या विरत गेला. जलपर्णीचं पान बघून सवयीने मनात चिठ्ठी तयार होऊ लागली, पिवळा इतका, निळा इतका, आणि मग ती चिठ्ठी अर्ध्यावरच राहिली. पुढचं लिहावंसंच वाटलं नाही. एवढ्या वर्षांत असं झालेलं आठवत नाही. एक वाजता काय होईल, हेही मी काही वेळ विसरलो होतो.

वाऱ्याने कचरा उडून डाव्या डोळ्यात गेला. मी डोळा चोळायला लागलो तर काठावर धुणं धुणारी एक बाई ओरडली.

"आवं दादा, चोळू नका! पानी मारा पानी. चोळून काय डोळा काढून हातात घेताव?"

वीटभट्टीवर कामाला आलेली होती, जालन्याकडची. धुरपदाबाई नाव सांगितलं. मी ओंजळीने पाणी मारू लागलो. डावा डोळा मिटलेला, उजवा उघडा. जलपर्णीवर सगळीकडे फुलं होती, स्वच्छ जांभळी. इतका चांगला जांभळा मी जेटमधून कधी काढलेला नाही.

कचरा निघाला. आता नीट बघावं म्हणून मी सवयीप्रमाणे उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. फुलं राखेच्या रंगाची होती.

मला वाटलं पाण्यामुळे. डोळा पुसला. तरी राख. उजवा उघडला, जांभळा. उजवा मिटला, राख.

"फुलांकडं काय बघायलाव एवढं?" धुरपदाबाई म्हणाली. "भाजी न्हाई व्हत त्यायची."

"बाई, कोणत्या रंगाची आहेत ही?"

"आता गं बया! काम काय करताव तुमी?"

"कापड रंगवतो."

ती इतकी हसली की हातातलं लुगडं पाण्यात सुटलं. "रंगवनारा मला रंग इचारतोय! जांभळी हायत की. मधी पिवळा ठिपका, मोराच्या पिसावानी."

पिवळा ठिपका मला डाव्याने दिसलाच नव्हता.

मी साडी आणि तुकडा उन्हात गवतावर पसरले आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या डोळ्याने शेड बघितली. साडी निळी होती. शेंबड्या पोराला कळेल इतकी निळी. वादळी. मी निळा वाढवत होतो, फरक दिसत नव्हता, म्हणून आणखी वाढवत होतो.

भीती वाटायला हवी होती. एकवीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं तो डोळा गेला होता. पण मी त्या काठावर अर्धा तास बसलो, एकदा हा डोळा मिटत, एकदा तो, लहान मुलासारखा, आणि मन नदीसारखंच सपाट होतं. बगळे चालत होते. म्हैस हलली नाही. असा स्वस्थ मी कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. खोट ड्रममध्ये नाही, कंपनीत नाही, कुणाच्या मनात नाही. खोट सापडली की अर्धं काम होतं.

बळीराम पट्टा घेऊन आला. पाऊण वाजता कारखान्यावर पोचलो आणि मी पार्टीला म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. माल निळा आहे. चूक माझी. मंगळवारपर्यंत वेळ द्या."

ते कारागिराला ऐकायला बोलावून म्हणाले, "सांभळो, मास्तर भूल कबूल करे छे!" मंगळवार मिळाला.

परत येताना टेम्पोत एकच विचार. लॉट मी बिघडवले. मग दिवाळीपासून बारा फेब्रुवारीपर्यंत ते चांगले कसे निघत होते?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी डॉक्टर. डाव्यात मोतीबिंदू, पिकत आलेला. उजव्यात नुकती सुरुवात. होळी झाली की डाव्याचं ऑपरेशन. भागीरथीला म्हटलं, आलीच आहेस तर तुझेही दाखव. म्हणाली, "मना डोया चांगला शेतस." मग इतके दिवस कशाला मागे लागली होती, कोण जाणे.

तिथून एकटा कोसाडला, योगराजच्या घरी. त्याच्या बायकोने, रंजनाने, पाणी दिलं पण तोंड फिरवून. योगराज दारात उभाच.

"बस," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या."

"डोळ्याचं तुला कधीपासून माहीत होतं?"

तो खाली बघून म्हणाला, "दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"जवाईले चारचौघांत चूक दखाडतस का, दाजी?"

"घरी सांगायचं."

"घर त तुम्ही आखो जास्ती जवाई ऱ्हातस."

मी साडेपाच किलोचं विचारलं. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"तुम्हना आकडा जास्ती, मी कमी तोलू. उरेल निळा ड्रममाच. चोर चोरीना माल मालकना ड्रममा ठेवस का?"

म्हणजे तीन महिने माझे लॉट माझ्या चिठ्ठीने निघतच नव्हते. तो काट्यावर दुरुस्त करत होता. ज्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याला चिठ्ठीप्रमाणे तोलायला लावलं, त्या दिवसापासून माझी खरी चिठ्ठी बाहेर जायला लागली.

रंजना आतून म्हणाली, "आठ दिन जयात, मी नळवर नही गऊ. बाया इचारतस, काय काय चोरं व?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

योगराज म्हणाला, "आठे सांगीसन काय उपेग? जठे चोर म्हनात, तठे सांगा."

चहा झाला नाही. मी मागितलाही नाही.

१ मार्च, शनिवार

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं असतात. तीच वेळ धरली. भूपेंद्रभाईंना कलर रूममध्ये बोलावलं आणि उभ्याने सांगितलं. डावा डोळा गेला आहे. तीन लॉट मी बिघडवले. जास्तीचा निळा योगराजने चोरला नाही, वाचवला. त्याच्यावर आळ मी घेतला, न विचारता.

जेटमधलं पाणी तेवढं खदखदत होतं. सेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मास्तर, आ वात तमे मने एकलाने कही शकत."

"एकट्याला सांगून भागत नव्हतं, सेठ."

"फिर अब सही किसकी चलेगी?"

हे मी बसमध्ये ठरवूनच आलो होतो. म्हणालो, कशात काय किती घालायचं हे एकवीस वर्षांचं माझ्या डोक्यात आहे, ते डोळ्यात नव्हतंच. चिठ्ठी मी लिहीन, पास योगराज करेल. दोन सह्या, त्याची आधी. ऑपरेशननंतरही तशाच. सेठनी मान हलवली.

लोटूआप्पा म्हणाले, "मास्तरांचा एक, सालेबुवांचे दोन. तीन डोळे झाले. आता तरी मशीन लावू का?"

योगराजला निरोप गेला. संध्याकाळी पाळीला आला. कपाळाला गंध लावून, नवा शर्ट घालून आला होता. सरळ काट्याकडे गेला. काटा दोनदा पुसला.

४ मार्च, मंगळवार

फिरोजी पास झाला. पार्टी दुपारी माल घेऊन गेली, बाकीचे आठ लॉट आमच्याकडेच. पण लिहायचं आहे ते सकाळचं.

पहिल्या चिठ्ठीचा नमुना छोट्या भांड्यात रंगवून मी खिडकीशी गेलो. डावा मिटला, उजव्याने बघितलं. मला जमल्यासारखा वाटला. पार्टीचा माणूस मागे उभा, सेठ दारात, लोटूआप्पा जेटजवळ. सगळ्यांना घाई. मी नमुना योगराजकडे दिला.

"बसला ना?"

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. त्याच्या कानशिलावरून घाम उतरत होता. शर्टाच्या बाहीने तो पुसला. माझ्याकडे बघितलं, सेठकडे बघितलं, परत तुकड्याकडे. मला वाटलं, आता हा मान हलवणार आणि काट्यावर जाऊन गुपचूप कमी तोलणार.

"नही, दाजी," तो म्हणाला. मिलमध्ये, सगळ्यांसमोर, दाजी. आणि मग जरा मोठ्याने, "नही बसना."

दारात कुणीतरी घसा खाकरला. मी चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहायला बसलो.